कंपनी शेवटी बघा, आधी जुना फोन हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांचा फोन आता दुपारीच मान टाकतो. काम फिरतीचं आहे, दिवसभर कॉल चालू असतात, कागदपत्रांचे फोटो काढून लगेच ऑफिसला पाठवावे लागतात. वडिलांसाठीही एक फोन घ्यायचा आहे. घरातला प्रत्येक जण वेगळ्याच कंपनीचं नाव सांगतोय, तर नक्की कुठल्या कंपनीचा घ्यावा?

ताई, मी सतरा वर्षं फोन दुरुस्त करतोय आणि हा प्रश्न मला दर दोन-तीन दिवसांनी कुणी ना कुणी विचारतं. मी उलट विचारतो, "आत्ताच्या फोनचा त्रास काय?" बऱ्याच जणांना याचं उत्तर पटकन देता येत नाही. "स्लो झालाय", "जुना झालाय" एवढंच सांगतात. त्रास नेमका माहीत नसेल, तर नवा फोनही दोन वर्षांत त्याच जागी येऊन उभा राहतो.

म्हणून दुकानात जायच्या आधी एक आठवडा एवढंच करा. फोनने जिथे जिथे अडवलं, ते कागदावर लिहून ठेवा. कॉल तुटला, आवाज ऐकू आला नाही, उन्हात स्क्रीन दिसली नाही, फोटो काढायला गेले आणि 'जागा नाही' असं आलं, चार्जर शोधावा लागला. सोबत सेटिंग्जमध्ये तीन ठिकाणी डोकवा: बॅटरी कुठलं ॲप खातंय, स्क्रीन दिवसाला किती तास चालू असते, आणि स्टोरेज कशाने भरलंय. फोन घेताना पुढे जे विचारायचंय, त्यातलं निम्मं या तीन पानांवर मिळतं.

यातून कदाचित असंही निघेल की फोन बदलायची गरजच नाही. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते. एकूण शंभर टक्के चार्ज खर्च झाला की एक सायकल धरतात, मग तो एका दमात संपवा की दोन दिवसांत. तुमच्यासारखा वापर असेल तर रोजची एक सायकल सहज होते, म्हणजे चार वर्षांत चौदाशेच्या आसपास. एवढ्या सायकलनंतर बॅटरी दुपारी संपणारच, त्यात फोनचा दोष नाही. आयफोनमध्ये उरलेली क्षमता सेटिंग्जमध्ये टक्क्यांत दिसते. काही अँड्रॉइड फोनमध्येही आता दिसते. बाकी सगळं ठीक असेल आणि सिक्युरिटी अपडेट अजून येत असतील, तर चांगली बॅटरी टाकून आणखी दीड-दोन वर्षं आरामात निघतात. पण अपडेट बंद झाले असतील आणि फोनवर बँकेचे व्यवहार होत असतील, तर बदललेला बरा. मागचं झाकण कडेने जरासं उचललेलं किंवा स्क्रीन मधूनच वर आलेली दिसली तर मात्र थांबू नका. बॅटरी फुगली आहे. चार्ज करणं बंद करा, दाबून बसवू नका आणि ती दुरुस्ती करणाऱ्याकडून काढून घ्या.

आता कंपनीच्या नावाविषयी, कारण घरातला वाद तिथेच अडकलाय. फोन उघडून बघणाऱ्याला त्यात कंपनी कमी आणि पुरवठादार जास्त दिसतात. प्रोसेसर बहुधा क्वालकॉमचा किंवा मीडियाटेकचा, कॅमेऱ्याचा सेन्सर सोनीचा किंवा सॅमसंगचा. आयफोनच्या स्क्रीनसुद्धा सॅमसंग आणि एलजीकडून येत आल्या आहेत. नोकिया नावाचे फोन २०१६ नंतर एचएमडी ग्लोबल या वेगळ्याच कंपनीने आणले, मोटोरोला २०१४ पासून लेनोवोकडे आहे. २०२० चा पोको एक्स२ म्हणजे रेडमी के३० हाच फोन होता, नाव तेवढं वेगळं. उलट बाजूही बघा: गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ जीबीच्या फोनला यूएफएस ३.१ प्रकारची मेमरी होती आणि २५६ जीबीच्या फोनला त्याहून वेगवान यूएफएस ४.०. नाव एक, खोकं एक, आत फरक. त्यामुळे 'अमुक कंपनी चांगली' हे वाक्य माझ्या टेबलावर टिकत नाही. अमुक मॉडेल, अमुक मेमरीचं, अमुक कामासाठी चांगलं, एवढंच म्हणता येतं.

कंपनीला महत्त्व आहे, पण ते तीन गोष्टींत: अपडेट किती वर्षं देणार, स्पेअर पार्ट मिळतात का, आणि दुरुस्ती जवळपास होते का. त्याकडे पुढे येतो.

तुमचं पहिलं काम कॉल, म्हणून कॉलपासून सुरू करतो. फोनच्या जाहिरातीत कॉलचा उल्लेखही नसतो आणि टेबलावर येणाऱ्या तक्रारींत त्याचा मोठा वाटा असतो. एक शिक्षिका माझ्याकडे महिन्यात तिसऱ्यांदा आल्या. "माझा आवाज समोरच्याला मध्येच जातो, माइक बदला." आधीच्या दोन्ही वेळा मी माइक तपासून नीट असल्याचं सांगून परत पाठवलं होतं. तिसऱ्या वेळी म्हटलं, माझ्यासमोर कॉल लावून बोला. त्यांनी फोन कानाला लावला आणि स्क्रीन विझलीच नाही. मान जराशी वळली की गाल थेट म्यूटच्या बटणाला लागत होता. फोन कानाशी आला हे ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर बऱ्याच स्वस्त फोनमध्ये आता वेगळा बसवलेला नसतो. ते काम आवाजाच्या लहरींवर आणि सॉफ्टवेअरच्या अंदाजावर चालवतात. काही फोनमध्ये हा अंदाज बरा लागतो, काहींत अजिबात नाही. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात दोन्हीकडे 'प्रॉक्सिमिटी' असंच लिहिलेलं असतं. म्हणून फोन घेताना एक कॉल लावाच. कानाला लावा, थोडा हलवा, मान वाकवून खांद्याने धरा, आणि स्क्रीन विझलेली राहते का ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा.

त्याच कॉलमध्ये आणखी दोन गोष्टी कळतील. वरच्या स्पीकरचा आवाज रस्त्याच्या गोंगाटात पुरतो का, आणि तुमचा आवाज समोरच्याला कसा जातो. आवाज कमी-जास्त करायचं बटण पूर्ण वर नेऊन ऐका. आवाज मोठा असणं वेगळं, स्पष्ट असणं वेगळं. काही फोन मोठे असतात पण शब्द फाटतात.

नेटवर्कचं तसंच. तुमच्या भागातली सिमची कंपनी ज्या बँडवर, म्हणजे ज्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर सेवा देते, तो बँड फोनमध्ये असायला हवा. परदेशातून कुणी आणून दिलेल्या फोनमध्ये नेमका हाच घोटाळा निघतो: फोन उत्तम, पण इथला एखादा बँड नाही, त्यामुळे घरात शिरलं की नेटवर्क गायब. घराच्या आतल्या खोलीत सिग्नल कमी येत असेल तर वाय-फाय कॉलिंग चालतं का तेही विचारा. फोनमध्ये सोय असूनही तुमच्या सिमवर ती सुरू होत नाही असं घडतं. याचा बॅटरीशी थेट संबंध आहे. सिग्नल कमकुवत असला की टॉवरशी संपर्क ठेवायला फोन जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. दिवसभर तळघरात किंवा लिफ्टजवळ बसणाऱ्या माणसाचा फोन चांगला असूनही लवकर का संपतो, त्याचं उत्तर बहुधा हेच असतं.

बॅटरीच्या बाबतीत एमएएचचा, म्हणजे क्षमतेचा, आकडा मोठा म्हणून हुरळून जाऊ नका. ५००० एमएएचचा एक फोन रात्रीपर्यंत जातो, तेवढ्याच आकड्याचा दुसरा चहाच्या वेळेला चार्जर मागतो. प्रोसेसर किती काटकसरी आहे, स्क्रीन किती उजळ लागते, टॉवरशी बोलणारा मोडेम कसा आहे, यावर सगळं ठरतं. पेटीवरच्या आकड्यापेक्षा तोच फोन सहा महिने वापरलेल्या माणसाला विचारलेलं बरं, आणि तो माणूसही तुमच्यासारखा फिरतीवरचा असावा. घरी वाय-फायवर बसून सिनेमे बघणाऱ्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

फास्ट चार्जिंग तुमच्यासारख्यांना खरंच उपयोगी आहे. वीस मिनिटांच्या थांब्यात संध्याकाळपर्यंतची सोय होते. पण वॉटचा आकडा बघताना त्याचा चार्जर पेटीत येतो का, आणि साध्या यूएसबी-सी चार्जरवर तो फोन किती वेगाने भरतो, हे विचारा. काही फोनचा सगळा वेग फक्त त्यांच्याच चार्जर-केबलवर मिळतो. ती केबल घरी राहिली की फोन मुंगीच्या पावलाने भरतो. बॅटरीला मारते ती मुख्यतः उष्णता. चार्जिंगला लावून उन्हात डॅशबोर्डवर नकाशा चालू ठेवलेले फोन माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन येतात.

इथे युरोपीय संघाच्या एका नियमाचा आपल्यालाही फायदा करून घेता येतो. २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता राखणारी असावी लागते, आणि फोनसोबत एक लेबल द्यावं लागतं. एका चार्जमध्ये फोन किती तास चालतो, बॅटरी किती सायकल टिकते, पडल्यावर कितपत तग धरतो, दुरुस्तीला किती सोपा आहे, हे सगळं त्यावर आकड्यांत किंवा श्रेणीत लिहिलेलं असतं. तुम्ही कुठेही राहत असा, मनात असलेलं मॉडेल तिथेही विकलं जात असेल तर त्याचं लेबल शोधून बघा. मॉडेलचा क्रमांक मात्र तोच आहे ना ते पाहा, कारण काही फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या बॅटरीसह येतात.

'फोन हँग होतो' ही दुसरी मोठी तक्रार. लोक रॅमला दोष देतात, आणि मला बहुतेक वेळा स्टोरेज गच्च भरलेलं सापडतं. ६४ जीबीचा फोन, त्यातली कशीबशी एक जीबी मोकळी, आणि आत हजारो फॉरवर्ड व्हिडिओ. या मेमरीत नवीन काही लिहायचं तर आधी जुना कप्पा पुसावा लागतो. मोकळी जागा नसली की फोनला आतल्या आत सामान इकडून तिकडे हलवत बसावं लागतं. तुमचं काम फोटोंचं आहे, त्यामुळे २५६ जीबी घ्या. १२८ च्या खाली तर अजिबात जाऊ नका. मेमरीचा प्रकारही विचारा. ईएमएमसी हा एकेरी पूल आहे, एका वेळी एकतर वाचणार नाहीतर लिहिणार. यूएफएस हा दुहेरी रस्ता. दोन वर्षांनंतर फोन कसा चालतो यात हा फरक चांगलाच जाणवतो. रॅम ८ जीबी पुरे. आणि '८ अधिक ८' असं लिहिलेलं दिसलं तर दुसरे आठ खरे रॅम नव्हेत. स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरण्याची ती सोय आहे, खऱ्या रॅमच्या मानाने फारच हळू. त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. मेमरी कार्ड लावायचं असेल तर ट्रे बाहेर काढून बघा. बऱ्याच फोनमध्ये दुसरं सिम आणि कार्ड एकाच खाचेत बसतं, म्हणजे दोन्हींतलं एकच.

कॅमेऱ्याचं मेगापिक्सेल हे प्रकरण आटोपशीर सांगतो. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, १०८ वाला बहुधा नऊ-नऊ एकत्र करून १२ चा. मागे तीन भिंगं दिसतात त्यातली २ मेगापिक्सेलची 'मॅक्रो' आणि 'डेप्थ' ही बहुतेक वेळा संख्या भरायला असतात. तुमच्या कामासाठी परीक्षा सोपी आहे. बारीक अक्षरांचा छापील कागद सोबत न्या. दुकानाच्या दिव्यांखाली, एका हातात फोन धरून, घाईत फोटो काढा. मग फोटो मोठा करून मधली अक्षरं नको, चारही कोपऱ्यांतली वाचा. स्वस्त भिंग कोपऱ्यात उघडं पडतं. मोठा सेन्सर असलेले महागडे फोनही कागद फार जवळ नेला की फोकस धरत नाहीत. अशा वेळी वीतभर मागे सरून दुपटीचा झूम केला की अक्षर स्वच्छ येतं. आणि बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो ते बघा; दिवसाला चाळीस फोटो काढणाऱ्याला तो अर्धा सेकंद जाच वाटतो.

स्क्रीनसाठी फोन दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन बघा. 'निट्स'चा, म्हणजे उजळपणाचा, मोठा आकडा अनेकदा स्क्रीनच्या लहानशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरता असतो. तुम्ही उन्हाचा पोलराइज्ड चष्मा लावत असाल तर तो लावूनच बघा, काही स्क्रीन एका बाजूने धरल्यावर त्यातून काळ्या दिसतात. कडेला वळलेली स्क्रीन मी स्वतः घेत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. टेम्पर्ड ग्लास नीट बसत नाही, आणि पडल्यावर अख्खं फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि टच दोन्ही, बदलावं लागतं. फोन जवळजवळ निकामी ठरवणारा खर्च मी पाहिलाय तो बहुतेक इथेच.

म्हणून विकत घ्यायच्या आधी, तो फोन दुरुस्त करणाऱ्या एखाद्याला दोन प्रश्न विचारा: याचं ओरिजिनल फोल्डर मिळतं का, आणि बॅटरी किती वेळात बदलून देता? नुकतंच आलेलं, कमी खपाचं मॉडेल कितीही छान असलं तरी पार्ट यायला तीन आठवडे लागत असतील, तर तुमचं काम तीन आठवडे अडेल. चार्जिंगचं कनेक्टर वेगळ्या छोट्या पट्टीवर आहे की मुख्य बोर्डावर, हेही तो सांगेल. रोज केबल घालून-काढून सगळ्यात आधी झिजणारी जागा तीच. पट्टी असेल तर दुरुस्ती अर्ध्या तासाची, बोर्डावर असेल तर कसबाची.

अपडेटची वर्षं मोजताना एक चूक सर्रास होते. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं. ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून धरतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळालं तर ती दोन वर्षं गेलेलीच असतात. चार वर्षांचं आश्वासन असलेल्या फोनला मग हाती दोनच उरतात. सवलत बघताना हा हिशेब करा.

पाण्याचं लवकर सांगतो. आयपी६८ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा; त्याची चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात, नव्या फोनवर होते. आतलं रबर आणि गोंद काळाने सैल पडतात, आणि एकदा फोन उघडला की तो बंदोबस्त पुन्हा तसाच बसेल याची खात्री नसते. पावसात फिरताना उपयोग आहे, पोहायला नेण्यासाठी नाही. समुद्राच्या पाण्यात तर मुळीच नाही.

आता वडिलांचा फोन. इथे माझं म्हणणं उलट आहे: त्यांच्यासाठी कंपनी आधी बघा. ते आज ज्या कंपनीचा फोन वापरतात, शक्यतो त्याच कंपनीचा घ्या. हिरवं बटण कुठे, फोटो कुठे, मागे कसं जायचं, हे त्यांनी मोठ्या कष्टाने हाताला शिकवलेलं असतं. ते एका दिवसात उलटंपालटं झालं की माणूस फोनलाच घाबरू लागतो. मी अशी मंडळी पाहिली आहेत की ती नवा फोन कपाटात ठेवून जुनाच दुरुस्त करून मागतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

त्यांना सोबत न्या, त्यांच्या माघारी ठरवू नका. वयाने बोटांची त्वचा कोरडी होते, रेषा पुसट होतात, मग स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सारखा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतो. बाजूच्या बटणावरचा त्यामानाने बरा चालतो; दोन्हींवर त्यांचंच बोट लावून पाहा. दोनशे ग्रॅमच्या पुढचा फोन झोपून वापरताना हातातून निसटतो. अक्षर सगळ्यात मोठं करा आणि मगच स्क्रीन बघा, कारण मोठ्या अक्षरात काही ॲपची बटणं स्क्रीनबाहेर जातात. हात थरथरत असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टच अँड होल्ड'चा वेळ वाढवता येतो, म्हणजे साधं टेकलेलं बोट 'दाबून धरलं' असं समजलं जात नाही. श्रवणयंत्र असेल तर ते दुकानातच जोडून, त्यावर एक कॉल करून बघा. सगळी श्रवणयंत्रं सगळ्या फोनशी जोडली जात नाहीत, आणि हे घरी गेल्यावर कळलं तर फार वाईट वाटतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या फोनचा क्रम मी असा लावेन: कॉल आणि नेटवर्क, मग दिवसभराची बॅटरी, मग २५६ जीबी, मग कागदाचा फोटो, आणि पार्टची उपलब्धता. गेमसाठीचा महागडा प्रोसेसर तुमच्या यादीत कुठेच नाही, त्याचे पैसे वाचवा. या क्रमात बसणारी दोन-तीन मॉडेलं उरली की मग घरच्यांना मत विचारा. त्यांतलं कुठलंही घेतलंत तरी चालेल.

फोन आल्यावर बदलून मिळण्याची मुदत असेपर्यंतच वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या तुमच्या सिमवर, तुमच्या रोजच्या जागी करून घ्या. डायलवर *#०६# दाबून आलेला पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पेटीवरच्याशी जुळवा. जुना फोन लगेच पुसून विकू नका. बँकेची आणि ऑथेंटिकेटरची (लॉगिनचा कोड देणारी) ॲप नव्या फोनवर एकदा उघडून, एक लहानसा व्यवहार करून बघा, मगच जुन्याला हात लावा. तुमचा आठवड्याचा कागद तयार झाला की इथेच टाका, त्यावर बोलू.